साक्ष ऐकणारा लॅपटॉप : न्यायालयीन प्रतिलेखनासाठी यंत्राची निवड

मित्रहो,

लवादापुढे उलटतपासणी चालू असताना प्रतिलेखकाच्या (बोललेले शब्दशः लिहून काढणाऱ्याच्या) टेबलावरच्या लॅपटॉपकडून एकाच दिवशी तीन कामे करून घेतली जातात. तो आवाज मुद्रित करतो, त्याच वेळी मजकूर टंकित करू देतो आणि संध्याकाळी तोच आवाज पुन्हा ऐकवून शंकास्थळे तपासू देतो. यांतली शेवटची दोन कामे बिघडली, तर ती दुसऱ्या यंत्रावर नव्याने करता येतात. पहिले काम मात्र पुन्हा करता येत नाही, कारण साक्षीदाराचे उत्तर एकदाच येते, आणि ते ऐकू आले नाही तर त्याची जागा कोणीही अंदाजाने भरू नये, हीच आपल्या व्यवसायाची पहिली अट आहे. म्हणून लॅपटॉप निवडताना सर्व प्रश्न या पहिल्या कामाच्या बाजूने विचारावेत, असे माझे ठाम मत आहे. मुद्रण, म्हणजे ध्वनिमुद्रण, अर्थातच न्यायालयाच्या किंवा लवादाच्या परवानगीनेच करायचे असते. मी बोलतो आहे ते अशा रीतसर मुद्रणाबद्दलच.

दुकानात ‘चांगला ऑडिओ’ म्हटले की विक्रेता स्पीकरबद्दल बोलू लागतो. चार स्पीकर, घुमणारा नाद, चित्रपटगृहासारखा अनुभव, हे सारे आपल्या कामाला निरुपयोगी आहे. आपण ऐकतो ते हेडफोनवर, आणि आपल्याला हवी असते ती स्पष्टता. घुमणारा नाद तर व्यंजने झाकून टाकतो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या वर्णांची ओळख बऱ्याच अंशी ४ किलोहर्ट्झच्या आसपासच्या व त्यावरच्या ध्वनीत असते. जुन्या टेलिफोनची मर्यादा ३०० ते ३४०० हर्ट्झ होती, म्हणून फोनवर अनोळखी आडनाव ऐकताना आपण अडखळत असू. हाच तोटा ब्लूटूथ हेडसेटच्या माइकने मुद्रण केल्यास होतो, कारण माइक चालू होताच बहुतेक हेडसेट कमी प्रतीच्या आवाजावर उतरतात. मुद्रणासाठी ब्लूटूथ वापरूच नये.

लॅपटॉपच्या अंगच्या माइकवरही विसंबू नये. तो व्हिडिओ कॉलसाठी बनवलेला असतो. समोर बसलेल्या एका माणसाचा आवाज उचलावा आणि बाकीचा गोंगाट म्हणून दाबावा, असे त्यामागचे सॉफ्टवेअर ठरवत असते. आपल्या खोलीत नेमका तो दाबला जाणारा आवाज महत्त्वाचा असतो. वकील मोठ्याने प्रश्न विचारतात, साक्षीदार टेबलाच्या टोकाला बसून खालच्या पट्टीत उत्तर देतो, आणि वाक्याच्या शेवटी आलेले ‘नाही’ गोंगाट समजून पुसले जाते. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतो आणि तिथेच श्वास संपत आलेला असतो, ही गोष्ट आपण कधीही विसरू नये. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करता येतात. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे आवाज ‘सुधारणारे’ सॉफ्टवेअर वेगळे असते, तेही शोधून बंद करावे लागते.

मग बाहेरचा माइक कुठे जोडायचा? आजच्या बहुतेक लॅपटॉपवर ३.५ मिलिमीटरचा एकच जॅक असतो. त्यात हेडफोनचे डावे-उजवे आवाज आणि माइकची एक ओळ एवढेच बसते. म्हणजे आत येणारा आवाज एकाच वाहिनीचा (चॅनेलचा). सभागृहातल्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून येणारा संकेत माइकच्या संकेतापेक्षा कितीतरी पट प्रबळ असतो. तो थेट या जॅकमध्ये दिला, तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. म्हणून यूएसबीवर चालणारा, किमान दोन आणि शक्य असल्यास चार माइक घेणारा स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी, घ्यावा. लवाद, दोन्ही बाजूंचे वकील आणि साक्षीदार यांचे आवाज वेगवेगळ्या वाहिन्यांवर मुद्रित झाले, की दोघे एकदम बोलले तरी एकेक वाहिनी वेगळी ऐकता येते. सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठापुढे, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत, संगणकीय प्रतिलेखनाचा प्रयोग सुरू केला, तेव्हाही एकाच वेळी अनेकजण बोलले की अडचण येते, हे तिथे लगेच सांगितले गेले, आणि तयार मसुदा वकिलांकडून तपासून घेण्याची पद्धत ठेवली गेली. यंत्र कितीही हुशार असले तरी एका वाहिनीत मिसळलेले दोन आवाज वेगळे करणे कठीणच.

एकदा इंटरफेस आला, की लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डाचे महत्त्व कमी होते आणि यूएसबी पोर्टचे वाढते. इंटरफेस, आवाज थांबवण्या-ऐकवण्यासाठी पायाने चालवायचे पेडल आणि बॅकअपची डिस्क ही तिन्ही एकाच वेळी जोडता यावीत, इतके पोर्ट यंत्रावरच असावेत. मुद्रणाचा इंटरफेस एका पोर्टचे अनेक करणाऱ्या स्वस्त हबमधून जोडू नये. वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करणारी विंडोजची सोय काढून टाकावी आणि झाकण मिटले तरी यंत्र झोपणार नाही असे ठरवून ठेवावे. मुद्रणात अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर पुष्कळदा दोष माइकचा नसून वाय-फायच्या ड्रायव्हरचा (ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) असतो. ‘लेटन्सीमॉन’ हे सॉफ्टवेअर चालवून तो पकडता येतो. सलग चालणारी गुणगुण मात्र बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची असते. चार्जर काढून बॅटरीवर चालवल्याबरोबर ती थांबली, तर कारण अर्थिंगच्या जोडणीत आहे असे समजावे.

याच कारणासाठी बॅटरी मोठी हवी. मुद्रण आणि टंकन चालू असताना यंत्र साधारण १० वॅट घेत असेल, तर ५० वॅट-तासांची नवी बॅटरी सुमारे पाच तास पुरते. ती जुनी झाली की हा वेळ घटतो, हे धरूनच निवड करावी. रॅम १६ जीबी आणि एसएसडी ५१२ जीबी एवढे पुरेसे आहे. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट या प्रतीत एका वाहिनीला तासाला सुमारे ३४६ एमबी लागतात, म्हणजे चार वाहिन्यांना जवळजवळ १.४ जीबी. इथे एक खड्डा आहे. साध्या वेव्ह फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी आहे, त्यामुळे सकाळी दहाला सुरू केलेले चार वाहिन्यांचे मुद्रण एकाच्या सुमारास त्या मर्यादेला टेकते. दर तासाला नवी फाइल सुरू होईल अशी व्यवस्था केली, तर हा धोका टळतो आणि यंत्र मध्येच बंद पडले तरी जास्तीत जास्त चालू तासाचेच मुद्रण धोक्यात येते. तेवढेही धोक्यात येऊ नये, म्हणून स्वतंत्र बॅटरीवरचा छोटा रेकॉर्डर टेबलावर चालू ठेवावा. कोणताही लॅपटॉप, कितीही महाग असला तरी, एकमेव मुद्रक असू नये.

मॉडेलविषयी विचाराल, तर लिनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड (२०२५ पासून ‘डेल प्रो’) किंवा एचपीचे एलिटबुक अशा व्यवसायासाठी बनवलेल्या मालिकांकडे मी प्रथम पाहीन. त्यांचे सुटे भाग दीर्घकाळ मिळतात, दुरुस्तीच्या पुस्तिका खुल्या असतात आणि जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी घेता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला ही शेवटची गोष्ट वेगवान प्रोसेसरपेक्षा अधिक मोलाची आहे. आपल्या गावात ती सेवा खरोखर मिळते का, हे खरेदीपूर्वी विचारावे. ‘लष्करी मानकांनुसार’ तपासलेले यंत्र, या वाक्याला फार महत्त्व देऊ नये, कारण त्या मानकातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. मॅकबुक एअरला पंखाच नाही, म्हणून शांत खोलीत तो मोहात पाडतो. परंतु स्टेनो यंत्रासोबतची (लघुलिपीत टंकन करायच्या यंत्रासोबतची) केस कॅटॅलिस्ट आणि एक्लिप्स ही सॉफ्टवेअरे विंडोजवर चालतात, आणि जुन्या फाँटवरची आपली मराठी कागदपत्रेही बहुधा विंडोजच्याच आधाराने उघडतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जुने यंत्र घेणाऱ्याने ते विंडोज ११ ला पात्र आहे का, हे आधी तपासावे.

यंत्र घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्यावर पूर्ण दिवसाचे मुद्रण करून पाहावे. एक माणूस जवळ, एक दूर, दोघांचे बोलणे मध्येच एकमेकांवर, पंखा चालू, चार्जर कधी लावलेला तर कधी काढलेला, अशा स्थितीत. मग ते बंदिस्त कपांच्या हेडफोनवर शेवटपर्यंत ऐकावे.

खरेदीच्या बिलावरील मॉडेल आणि अनुक्रमांक जपून ठेवावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेख ज्या उपकरणातून आला त्याचा तपशील आणि फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये काहीही बदलले की बदलणारी तिची सांकेतिक खूण, द्यावे लागते. विंडोजमधल्या ‘सर्टयूटिल’ आज्ञेने एसएचए-२५६ हॅश क्षणात निघतो. तो त्याच संध्याकाळी, फाइलला हात लावण्यापूर्वी काढून नोंदवहीत लिहावा, आणि ऐकण्याचे काम फाइलच्या प्रतीवर करावे.