कुरण, पाणी आणि वजीरचा बाजार

श्रोतेहो, नमस्कार. सुगी सरली की अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या शिवारांत धनगरांचे तळ पडतात आणि शेतकरी त्यांची बकरी आपल्या रानात बसवून घेतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. लेंडीखत आणि चारा यांच्या या देवघेवीत बिघाड होतो तो बहुधा पाणी आटल्यावर किंवा गायरान नाहीसे झाल्यावर. गायरानात इमारती उठवायच्या आणि वर धनगरालाच घुसखोर म्हणायचे, हे मला कधीच पटलेले नाही.

केनियाच्या ईशान्येकडील वजीर जिल्ह्यात असाच बिघाड रक्तपातापर्यंत गेला. अजुरान, देगोदिया आणि ओगादेन ही तेथील सोमाली कुळे उंट-शेरडे घेऊन पावसामागे हिंडणारी. इंग्रजांनी त्यांच्यात कुळावार चराईच्या हद्दी आखल्या, 1991 मध्ये शेजारच्या सोमालियाचे सरकार कोसळून बंदुकांचा सुळसुळाट झाला, आणि त्यातच दुष्काळ व 1992 ची बहुपक्षीय निवडणूक आली. कुळे जुनीच होती; हद्द, बंदूक आणि मतपेटी मागून आली. हे पुन्हा सांगतो, कारण सीमाभागात आपणही पाण्याच्या भांडणाला चटकन भाषेचे नाव देतो. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत मात्र मराठी आणि कन्नड बोलणारे धनगर एकाच भंडाऱ्याने पिवळे होतात.

आता देखा इब्राहीम अब्दी या बाईंची हकिकत सांगतो. 1992 मधील एका रात्री घराजवळ गोळीबार सुरू झाला, तेव्हा त्या तान्ह्या मुलाला कवटाळून कित्येक तास पलंगाखाली पडून राहिल्या. सकाळी आईने सांगितले की, साठच्या दशकातील धामधुमीत तिनेही लहानग्या देखाला घेऊन असेच पलंगाखाली दडून रात्र काढली होती. आईनंतर लेकीवर आणि लेकीनंतर नातवावरही हीच पाळी येणार काय, हा प्रश्न देखाबाईंना गप्प बसू देईना. त्या काही मैत्रिणींशी बोलल्या आणि बायकांनी आरंभ केला तो बाजारापासून, कारण वैराची झळ तेथेच रोज लागत होती: कूळ पाहून खरेदी-विक्री चाले, परक्या कुळातील बाईला बसू दिले जात नसे. कोणत्याही कुळातील बाईने यावे, विकावे आणि घ्यावे, असे त्यांनी ठरवले, आणि ते पाळले जाते की नाही यावर लक्ष ठेवायला आपल्यातल्याच बायका नेमल्या. बाजार सुरळीत झाल्यावर त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. तेथे बोलणी चालवायला पुढे केला गेला तो सर्वांत लहान कुळातील वृद्ध, कारण त्याचा धाक कोणालाच नव्हता. राजकारण्यांना हे सुचले असते, असे मला वाटत नाही.

सप्टेंबर 1993 मध्ये वडीलधाऱ्यांनी कुळाकुळांत शांतता राखण्याचा अल-फताह करारनामा केला; 1995 मध्ये ही सारी मंडळी जिल्हा प्रशासनाशी जोडली गेली, आणि पुढे कोठे जनावरे पळवल्याची किंवा खुनाची बातमी आली की वडीलधारे, बायका, धर्मगुरू आणि पोलीस अधिकारी एकत्रच तेथे जाऊ लागले. नमस्कार.