ठेव आपली, थकबाकीही आपली

श्रोतेहो, नमस्कार.

बाजारपेठेतला एखादा किराणा दुकानदार डोळ्यांसमोर आणा. चालू खात्यावर त्याला ३ लाखांच्या ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक नसतानाही तेवढ्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची सोय होती. धंदा बसला, बँकेने सोय बंद करून सगळी रक्कम मागितली, ती भरली गेली नाही, आणि एके सकाळी मोबाइलवर संदेश आला की त्याच्या बचत खात्यातले ८२ हजार रुपये थकबाकीत वळते केले आहेत. “मला न विचारता माझ्या पैशाला हात लावलाच कसा?” हा त्याचा संताप समजण्यासारखा असला, तरी कायदा येथे बहुतांशी बँकेच्या बाजूचा आहे.

आपण बँकेत भरलेली रक्कम ही तिजोरीत आपल्या नावाने बाजूला ठेवलेली वस्तू नसते. ते आपण बँकेला दिलेले एक प्रकारचे कर्जच असते. म्हणजे ठेवीपुरती बँक आपली देणेकरी आणि ओव्हरड्राफ्टपुरते आपण बँकेचे देणेकरी. ही दोन देणी एकमेकांत वळती करण्याच्या हक्काला वजावट, अर्थात ‘सेट-ऑफ’ म्हणतात. याच्याच शेजारचा हक्क भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ मध्ये आहे: उलट करार नसेल, तर बँकेला सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे देणे फिटेपर्यंत ग्राहकाची ताब्यातली मालमत्ता रोखून ठेवण्याचा हक्क मिळतो. सिंडिकेट बँकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठेव पावत्यांवरचा हा हक्क मान्य केला.

मात्र हा हक्क दिसतो तेवढा ऐसपैस नाही. देणे प्रत्यक्ष थकलेले हवे. उद्या कदाचित द्यावे लागेल अशा रकमेसाठी आजची ठेव वळती करता येत नाही. शिवाय दोन्ही खाती एकाच व्यक्तीची आणि एकाच नात्याने असावी लागतात. ओव्हरड्राफ्ट एकट्या नवऱ्याचा आणि ठेव नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने असेल, तर बायकोच्या संमतीवाचून ती वळती करणे योग्य नव्हे. अज्ञान मुलाचे पालक म्हणून चालवलेले खाते, विश्वस्त निधीचे खाते किंवा भागीदारी संस्थेचे खाते एखाद्याच्या वैयक्तिक थकबाकीसाठी वापरता येत नाही.

खरी मेख सह्यांमध्ये असते, असे मला वाटते. कायदा देतो त्याहून जास्त आपण स्वतःच फॉर्मवर लिहून देतो. मुदत ठेवीच्या पावतीमागे तिकीट लावून सही केली आणि ती पावती तारण म्हणून बँकेकडे दिली, की पुढे तक्रारीला फारशी जागा उरत नाही. म्हणून फॉर्ममधले ‘कोणत्याही खात्यातून वसुली’ असे कलम सही करण्यापूर्वीच वाचावे, आणि जोडीदाराने सही करण्याआधी तर दोनदा वाचावे.

रक्कम चुकीने वळती झाली असे वाटल्यास शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि पावतीवर कोणाकोणाची नावे आहेत हे दाखवणारी प्रत सोबत जोडावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.