खेळातला ट्रॅक्टर आणि रानातला वाफसा

श्रोतेहो, नमस्कार. माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या मोबाईलवर शेतीचा खेळ खेळतो. गेल्या वर्षी परभणीजवळच्या आमच्या रानात त्याने प्रथमच खरा ट्रॅक्टर हाती घेतला, तेव्हा बांधाशी वळताना मागचे अवजार कधी उचलायचे हे त्याला न सांगता जमले. मात्र पावसानंतर काळ्या मातीला वाफसा आला आहे की नाही, म्हणजे ओल कमी होऊन ती मशागतीजोगी झाली आहे की नाही, हे काही त्याला कळेना. मूठभर माती दाबून गोळा करायचा, तो खाली टाकायचा आणि फुटतो का ते पाहायचे, फुटला तर वाफसा आला, हे त्याला त्याच्या वडिलांनीच शिकवले.

व्हिडिओ गेममुळे कौशल्ये येतात का, या प्रश्नाचे उत्तर मला या प्रसंगात दिसते. कौशल्य येते, पण खेळातली कृती खऱ्या कामाशी जितकी जुळते, तितकेच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांची नजर पडद्यावर असते आणि हात दुसरीकडे चालतात. व्हिडिओ गेममध्येही तसेच घडते. अमेरिकेत 33 शल्यचिकित्सकांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक काळ गेम खेळलेल्यांच्या हातून सरावाच्या वेळी सुमारे 37 टक्के कमी चुका झाल्या. अर्थात, मुळातच ज्यांचा हात चपळ आहे ते अशा खेळांकडे अधिक वळत असतील, ही शक्यता आपण विसरता कामा नये. याउलट, वरून पडणारे ठोकळे फिरवून बसवायच्या टेट्रिस या खेळात तरबेज असलेले खेळाडू त्या खेळातले आकार मनात झरझर फिरवतात, पण निराळे आकार समोर आले की त्यांची ती आघाडी उरत नाही, असे 2002 च्या एका संशोधनात आढळले.

म्हणूनच ‘गेममुळे एकाग्रता वाढते, मग अभ्यासही सुधारेल’ हे म्हणणे मला पटत नाही. लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करणाऱ्या मुलाला भौतिकशास्त्राच्या एकाच गणितापाशी अर्धा तास थांबावे लागते, आणि तिथे क्षणाक्षणाला गुण देऊन त्याला खिळवून ठेवणारे कोणी नसते. ती चिकाटी त्या गणितापाशी बसूनच येते.

यंदा पेरणीआधी पुतण्याने स्वतःच वाकून माती उचलली, मुठीत दाबली आणि खाली टाकली. गोळा फुटला नाही. “काका, अजून दोन दिवस थांबू,” तो म्हणाला.