परिचारिकेच्या हाती संशोधन

नमस्कार श्रोतेहो. संशोधनातून जे कळते ते रुग्णसेवेत वापरायला परिचारिका तयार आहेत का, या प्रश्नावर आज बोलायचे आहे.

रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली असेल, तर सलाईनसाठी हाताच्या मागच्या बाजूस बसवलेली बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, आपल्याला आठवत असेल. ती उत्तम चालत असली तरी तीन-चार दिवसांनी काढायची आणि दुसऱ्या जागी नवी बसवायची, असा दंडक बरीच वर्षे होता. शिरेला सूज येईल, जंतुसंसर्ग होईल, ही त्यामागची भीती होती. वयोवृद्ध रुग्णाच्या कागदासारख्या पातळ कातडीखाली शीर चाचपताना, दोन प्रयत्न फसून तिसऱ्यांदा सुई टोचताना, माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न येई : चालू असलेली नळी आपण काढलीच कशाला?

या प्रश्नाचा छडा ऑस्ट्रेलियातील परिचर्या-संशोधक क्लेअर रिकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. ३,२८३ रुग्णांचे दोन गट करून एका गटात नळी ठरावीक वेळेला बदलली गेली, तर दुसऱ्यात गरज भासली तरच. २०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिरेला सूज येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ७ टक्के, म्हणजे सारखेच होते. अर्थात, नळी विसरून जावी असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट प्रत्येक पाळीत ती जागा डोळ्यांनी पाहायची, बोटांनी चाचपायची, दुखते का ते विचारायचे, आणि लाली, सूज वा वेदना दिसताच नळी तत्काळ काढायची. घड्याळाने घेतलेला निर्णय आता परिचारिकेच्या नजरेने घ्यायचा आहे, आणि हे काम अधिक जबाबदारीचे आहे.

आता समजा, एका तरुण परिचारिकेने हे वाचले, तिला ते पटले. वॉर्डातल्या तक्त्यावर मात्र नळी बदलण्याची तारीख छापलेली आहे. तिने नळी तशीच ठेवली, तर ओव्हर घेताना, म्हणजे रुग्णांची सूत्रे हाती घेताना, पुढच्या पाळीची सिस्टर जाब विचारणार, आणि दुर्दैवाने हात सुजलाच तर दोष तिच्याच माथी येणार. मग ती काय करील? मुकाट्याने नवी सुई टोचील.

परिचारिका संशोधन वापरायला तयार आहेत का, असे विचारले जाते तेव्हा बहुधा त्यांचे वाचन, त्यांची आकडेवारीची जाण एवढेच तपासले जाते. ती जाण हवीच. तुलनेचा गट होता का, रुग्ण किती होते, ते आपल्या वॉर्डातल्या रुग्णांसारखे होते का, हे ओळखता आले पाहिजे, आणि ते शिकवता येते. परंतु अमेरिकेत सँड्रा फंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परिचारिकांनाच विचारून अडथळ्यांची मोजणी केली, तेव्हा सर्वांत वर आली ती ही भावना, की रुग्णसेवेची पद्धत बदलण्याइतका अधिकार आपल्याला नाही. त्याच्या पाठोपाठ होता वेळेचा अभाव. म्हणून मला ठामपणे वाटते की तयारीची परीक्षा आधी रुग्णालयाची घ्यायला हवी. छापील तक्ता कोण बदलू शकते, त्या बैठकीत वॉर्डातली परिचारिका असते का, आणि शोधनिबंध वाचायला तिला ड्यूटीच्या वेळातला एखादा तास मिळतो का, हे पाहिले पाहिजे. ड्यूटी संपल्यावर, थकल्या डोळ्यांनी घरी वाच, असे सांगणे म्हणजे ते होऊच नये अशी व्यवस्था करणे आहे.

वास्तविक पुराव्याच्या आधारे बदल मागण्याची ही परंपरा परिचर्येला नवी नाही. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आकडे आणि आकृत्या मांडून राज्यकर्त्यांपुढे ठेवले होते.

आणखी एक गोष्ट, श्रोतेहो, थेट आपल्याशी संबंधित. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुराव्यावर आधारित उपचारांची व्याख्या केली, तेव्हा संशोधन आणि अनुभव यांच्यासोबत रुग्णाच्या इच्छेलाही स्थान दिले. म्हणून सिस्टर आपल्या हातावरची पट्टी न्याहाळून “इथे दुखतंय का?” असे विचारतील, तेव्हा संकोचाने “नाही, ठीक आहे” म्हणू नका. कालपासून ठणकत असेल, तर तसेच सांगा. नळी ठेवायची की काढायची, हे त्या आपल्या उत्तरावरूनही ठरवत असतात.