एअर रायफलचे पेलेट साठवताना: लॉट, कूलर आणि चेपलेला स्कर्ट

नमस्कार मंडळी. सोलापूरचा पारा 43 च्या वर गेला की एक प्रश्न हमखास येतो: पत्र्याच्या खोलीत ठेवलेले पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, उन्हानं खराब होतात का? नाही होत. शिसं वितळतं 327 अंशांना. पेलेट खराब करतो तो खिडकीतला कूलर. त्याच्याकडे येऊच, पण आधी साठा किती करायचा ते बघू.

आज बोलतोय फक्त 10 मीटर एअर रायफलच्या 4.5 मिलिमीटर पेलेटबद्दल. पॉइंट टू टू (.22) रायफलच्या काडतुसांचं गणित निराळं. ती किती घ्यायची आणि जवळ किती ठेवायची, ते तुमच्या लायसन्सवर लिहिलेलं असतं, त्यापुढे जायचं नाही.

रोज 80 ते 100 शॉट, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे महिन्याला साधारण 2,500 पेलेट. एका डबीत 500, म्हणजे महिन्याला पाच डब्या आणि सहा महिन्यांना तीस. एक पेलेट 0.53 ग्रॅमचा धरला तर तीस डब्यांत शिसंच आठ किलो होतं, त्यामुळे हलक्या फळीवर रचू नका. सहा महिन्यांहून जास्त साठा बहुतेकांना लागत नाही.

मात्र तीसच्या तीस डब्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या, हव्यात. साठा करायचा तो यासाठीच. ब्रँड तोच, डबीवर पेलेटच्या डोक्याचा व्यास 4.49 तोच, तरी लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पसारा, बदलू शकतो, कारण कारखान्यातले साचे झिजतात आणि बदलले जातात. रायफल टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे पेलेटचा दोष पोरं स्वतःच्या ट्रिगरवर घेतात आणि महिनाभर नको ते दुरुस्त करत बसतात.

म्हणून आधी तीन-चार लॉटची एकेक डबी आणा. रायफल शिकंज्यात (व्हाइसमध्ये) पक्की धरा, पण शिकंजाच्या जबड्यांना रबर लावायला विसरू नका. प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे निदान तीन ग्रुप काढा. व्हर्नियरनं भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा. एकाच ग्रुपवर निकाल लावू नका, नशिबानं एखादा लहान येतोच. ज्या लॉटचा ग्रुप तिन्ही वेळा लहान राहील, त्याच्याच डब्या दुकानदाराला लगेच बाजूला ठेवायला सांगा. महिन्याभरानं गेलात तर तो लॉट संपलेला असतो.

आता हा पेलेट जवळून बघा. पुढचं डोकं भरीव, मागचा स्कर्ट पातळ. हवेचा दाब याच स्कर्टला नळीशी घट्ट बसवतो. डबी हातातून एकदा पडली की स्कर्ट चेपतात. काचेवर हळूच लोटून बघा: चांगला पेलेट गोलात सफाईनं घरंगळतो, चेपलेला अडखळत जातो. पुण्यात बालेवाडीला मॅचला जाताना डबी बॅगेच्या तळाशी टाकू नका, टॉवेलात गुंडाळा. डबीतला फोम तर कधीच फेकू नका.

राहिला कूलर. तो दिवसभर दमट हवा खोलीत सोडतो, पावसाळ्यात भर पडते, आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. बंद लाकडी कपाटात ते लवकर होतं, कारण लाकडातून आम्ल वाफा निघतात. डब्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. शेंगाचटणीचा जुना डबा घेणार असाल तर तेलाचा अंश राहता कामा नये. एसी खोलीतून बाहेर आणलेला डबा लगेच उघडू नका. पेलेट थंड असतात, बाहेरची हवा लागली की त्यांच्यावर दव धरतं.

पांढरे पडलेले पेलेट पुसून वापरायचे नाहीत. व्यास आणि वजन दोन्ही बिघडलेलं असतं, शिवाय ती भुकटी विषारी. हातमोजे घालून पिशवीत बांधा आणि शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याकडे द्या. पेलेट दातात धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. पेलेट ट्रॅपभोवती, म्हणजे टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीभोवती, केरसुणी मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि साठ्याचा डबा कुलपात ठेवा, घरात लहान मूल असो वा नसो.

डबीच्या झाकणावर मार्करनं लॉट नंबर आणि आणल्याची तारीख लिहा, जुनी डबी आधी संपवा. सरावाला स्वस्तातले पेलेट वापरत असाल तर मॅचच्या आदल्या आठवड्यात मॅचच्या लॉटवर या आणि साइट पुन्हा लावा. लॉट बदलला की झिरो, म्हणजे साइटवर जुळवलेला नेम, हलू शकतो.