दंड: चिमटीत काय येतं?

(दृश्य: उभी असलेली बाई. हात खांद्याच्या रेषेत, कोपर काटकोनात वळलेलं. चेहरा चौकटीबाहेर.)

दंड बारीक करण्याच्या ऑपरेशनच्या खुणा पेशंटला उभं करून घालतात. आडवं झालं की कातडी काखेकडे सरकते आणि माप फसतं. सर्जन मार्करने आधी एक रेघ ओढतात, काखेपासून कोपराच्या आतल्या हाडापर्यंत. वण शेवटी जिथे बसणार, ती ही रेघ. मग दंडाखाली लोंबणारा भाग चिमटीत धरतात, सोडतात, जरा पुढे सरकून पुन्हा धरतात.

(दृश्य: चिमटी, अगदी जवळून.)

चिमटीत जाडजूड, भरीव गोळा आला तर ती चरबी. पातळ, सुटी, दोन बोटांत दुमडणारी घडी आली तर ती कातडी. बहुतेकींच्या दंडात दोन्ही असतं, प्रश्न प्रमाणाचा. जाहिरातीत मात्र हा फरक क्वचितच सांगतात. ‘विना टाके, विना वेदना सडपातळ दंड’ या ओळीत चरबी आणि कातडी एकाच पिशवीत घातलेली असते.

चरबीपासून सुरुवात करू. पहिला सल्ला घरातूनच मिळतो: डंबेल्स उचल, दंड उतरतील. यावर एक छान जुना अभ्यास आहे. 1971 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी टेनिसपटूंचे दोन्ही दंड मोजले. रॅकेटचा हात वर्षानुवर्षं राबलेला, दुसरा तुलनेने आरामात. खेळणारा हात घेराने मोठा भरला, कारण त्याचे स्नायू वाढले होते. पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला. जिथे व्यायाम तिथलीच चरबी जळेल, असं शरीर चालत नाही. म्हणून डंबेल्स फेकून द्यायचे नाहीत. दंडातल्या स्नायूंचा निम्म्याहून जास्त भाग मागच्या ट्रायसेप्सचा असतो. तो भरला की हात घोटीव दिसतो, आणि यासाठी कुणाला बिल भरावं लागत नाही.

(दृश्य: जुन्या पॅरिसची छायाचित्रं. मग धातूची बारीक, बोथट टोकाची नळी.)

चरबी नळीने ओढून काढायची कल्पना, म्हणजे लायपोसक्शन, सत्तरच्या दशकात इटलीत डॉक्टर फिशर पितापुत्रांनी वापरात आणली. पॅरिसचे सर्जन इव्ह-जेरार इलूझ यांनी 1977 पासून बोथट टोकाची नळी वापरून तिला वळण लावलं. धारदार टोकाने नसा आणि रक्तवाहिन्या तुटत, बोथट टोक त्यांच्या मधून वाट काढतं. तरी रक्तस्राव बराच व्हायचा. तो आटोक्यात आणला कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी. त्यांनी 1987 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली: सलाइनमध्ये खूप पातळ केलेलं लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन आधी चरबीत भरायचं. दंड टणक फुगतो, रक्तवाहिन्या आकसतात, जागा बधिर होते, आणि मग नळी चालते. आजही दंडाची लायपोसक्शन बहुतांश याच तत्त्वावर होते. कोपराजवळ आणि काखेत काही मिलिमीटरची भोकं, बस्स.

इथे एक अट आहे. आतली चरबी गेल्यावर कातडीने स्वतःहून आकसायला हवं. तरुण, ताठ कातडी तीन ते सहा महिन्यांत आकसते. बाळंतपणं, वय, वजनाचे चढउतार यांनी सैल झालेली कातडी आकसत नाही. अशा दंडातून चरबी काढली तर लोंबणं उलट उठून दिसतं. सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते, आणि ती चिमटीत आधीच कळण्यासारखी होती.

(दृश्य: मुलाच्या हातात बर्फाची कांडी. मग क्लिनिकमधलं थंड करणारं यंत्र.)

आता सुरी न लावता होणारे उपाय. यातला सर्वात रंजक धागा बर्फाच्या कांडीशी जोडलेला आहे. कांडी गालात धरून चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातली चरबी गारठून दुखावते, हे डॉक्टरांनी 1970 मध्ये नोंदवून ठेवलं होतं. गालाच्या कातडीला मात्र इजा होत नव्हती. चरबीच्या पेशी इतर पेशींपेक्षा थंडीला लवकर बळी पडतात, हा त्यातला मुद्दा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डीटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी त्यावरून क्रायोलिपोलिसिस, म्हणजे चरबी गारठवून मारण्याची पद्धत, विकसित केलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या नियामक संस्थेने, 2010 मध्ये ते कमरेच्या बाजूंसाठी मंजूर केलं, नंतर दंडासाठीही. यंत्र चरबीची वळी दोन पट्ट्यांत धरून गारठवतं. मेलेल्या पेशी शरीर दोन-तीन महिन्यांत हळूहळू उचलून नेतं. थराची जाडी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी होते. वाईट नाही, पण ‘आधी-नंतर’च्या फोटोंवरून वाटतं तेवढंही नाही. आणि कातडीसाठी याचा उपयोग जवळजवळ नाही.

एक उलटा परिणामही आहे: थंड केलेली चरबी कमी होण्याऐवजी वाढते आणि टणक होते. तो दुर्मीळ आहे. 2021 मध्ये सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी आपल्या बाबतीत तो झाल्याचं जाहीर सांगितलं, तेव्हा जगाला कळलं. अशी वाढलेली चरबी आपोआप जात नाही. बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणजे टाके टाळायला गेलेली बाई टाक्यांपाशीच पोचते.

उष्णतेची यंत्रं, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी आणि अल्ट्रासाउंड, कातडीला ताठ ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन तापवून आखडवतात. कातडी नुकतीच सैल होऊ लागली असेल तर काही बैठकांनंतर थोडा कस येतो. थोडाच.

चरबी विरघळवणारी इंजेक्शनं हल्ली कुठेही मिळतात. त्यातल्या डीऑक्सिकोलिक आम्लाला एफडीएची मंजुरी 2015 मध्ये मिळाली, ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. मंजुरी नसलेल्या अशा इंजेक्शनांमुळे कायमचे वण आणि जंतुसंसर्ग झाल्याचा इशारा त्याच संस्थेने नंतर दिला आहे. ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत कुणी सुई काढली, तर पर्स उचलायची आणि निघायचं.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. दिव्याखाली दंड, त्यावर सकाळच्या खुणा.)

आणि आता जिच्या चिमटीत फक्त कातडी येते, तिचं काय? तीस-चाळीस किलो वजन उतरवलेली बाई हात हलवते तेव्हा दंडाखालची घडी वेगळी हलते. घामाने घडीत पुरळ उठतं. बाही दंडाला बसवावी तर घडी मावत नाही, घडीला बसवावी तर बाकी ब्लाउज घोळदार. तिच्यासाठी एकच खरा उपाय आहे, ब्रॅकिओप्लास्टी. जादा कातडी कापून काढायची आणि उरलेली जुळवून शिवायची.

सोपं वाटतं, पण टेबलावर एक गंमत होते. कातडी उघडली की दंड सुजू लागतो, आणि झपाट्याने. सकाळी काढलेल्या रेघेप्रमाणे सगळी कातडी एकदम कापली, तर तासाभरात कडा जुळायच्या नाहीत. कापड गेलं, माया उरली नाही, अशी गत. म्हणून अनेक सर्जन टप्प्याटप्प्याने जातात: काही सेंटिमीटर काप, लगेच स्टेपलने जुळव, पुढचं काप.

दुसरी सावधगिरी नसेची. कोपराच्या आतल्या हाडापासून साधारण 14 सेंटिमीटर वर, एका मोठ्या शिरेच्या सोबतीने, एक संवेदी नस खोलातून वर येते. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूची स्पर्शजाणीव तिच्याकडे असते. ती दुखावली तर मनगटाकडचा तो पट्टा बधिर राहतो. म्हणून तिच्यावर चरबीचा पातळ थर मुद्दाम सोडतात.

आणि वण. काखेपासून कोपरापर्यंत, कधी त्याच्याही पुढे. काही सर्जन तो आतल्या बाजूला ठेवतात, हात खाली असताना झाकलेला, पण वर केला की दिसणारा. काही मागे ठेवतात, जो तिचा तिला दिसत नाही, मागच्या माणसाला दिसतो. सैलपणा काखेजवळच असेल तर वण काखेत लपवता येतो. पण अशा भाग्यवान थोड्याच. आपल्या सावळ्या कातडीला जाड, उंचावलेल्या वणाचा धोका जास्त असतो. सिलिकॉनच्या पट्ट्या, काळजी, आणि वण फिकट व्हायला वर्षभर किंवा अधिक. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे दाब देणाऱ्या घट्ट बाह्या घालायच्या. भरलेली बादली उचलायची नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, बसमध्ये वरचा दांडा धरायचा नाही.

हा वण लपवून ऑपरेशन विकणं मला लबाडी वाटते. दंड हवा तर वण घ्यावा लागतो, आणि तो सौदा पटणाऱ्या बायका आहेत. अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या आकड्यांत 2000 साली तिकडे जेमतेम 300 बायकांनी हे ऑपरेशन केलं होतं, 2012 मध्ये 15,000 हून जास्त. त्या काळात मिशेल ओबामांच्या बिनबाह्यांच्या पोशाखांची चर्चा होती. पण त्याच वर्षांत वजन उतरवणाऱ्या शस्त्रक्रियाही वाढल्या होत्या, आणि मला ते कारण अधिक वजनदार वाटतं. आपल्याकडे 2025 मध्ये वजन उतरवणारी मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं आली. वजन झपाट्याने उतरतं, कातडी तितक्या वेगाने मागे येत नाही. पुण्या-मुंबईतल्या प्लास्टिक सर्जनांकडे हा प्रश्न येत राहणार.

(दृश्य: एक दंड दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट.)

सगळे जाड दंड हौसेचा विषय नसतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यावर काहींचा एकच हात सुजत जातो, आणि कालांतराने त्या सुजलेल्या हातात चरबी साठते. स्वीडनमधल्या माल्मो इथे हाकन ब्रॉर्सन यांनी 1987 पासून अशा हातांवर लायपोसक्शन केली. त्या पेशंटना घट्ट बाही आयुष्यभर घालावी लागते. काढून ठेवली की सूज परतते.

(दृश्य: बिल, त्यावर फिरणारं बोट.)

पैशांचं सांगून टाकतो. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा लागू होत नाही आणि वर 18 टक्के जीएसटी. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना असेल तर विम्याचे नियम वेगळे. तेव्हा कारण कागदोपत्री स्पष्ट लिहून घ्या. वजन निदान सहा महिने स्थिर हवं. सिगारेट ओढत असाल तर आधी काही आठवडे बंद, नाहीतर जखमेच्या कडा काळ्या पडतात. आणि सर्जनची पदवी विचारायला लाजू नका: प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत घरी बसून शोधा.