डोक्याला मार आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या

(कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर एका मेंदूशल्यचिकित्सकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

इथे बसलेल्या बऱ्याच जणांची रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असणार. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली, कुणाची झडप बदललेली, कुणाचे ठोके अनियमित. पण गोळी सगळ्यांची सारखी नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन, अ‍ॅसिट्रॉम, डॅबिगॅट्रान, अ‍ॅपिक्सॅबान रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणतात.

वयोमानाने मेंदू आक्रसतो, कवटी तेवढीच राहते. मेंदूवरून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे आधीच ताणलेल्या असतात. मोरीत पाय घसरला, पीएमपीएल बसच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला, की एखादी शीर फाटते. एरवी थांबला असता तो रक्तस्राव गोळीमुळे झिरपत राहतो. आत मोकळी जागा असल्याने दाब लगेच वाढत नाही, आणि तोवर माणूस चहा पितो, पेपर वाचतो. म्हणून 'शुद्ध गेली नाही, उलटी झाली नाही' यावर विसंबू नका. टेंगूळ केवढं आहे, यावर तर अजिबातच नाही. ब्रिटनच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णाला दुसरं कुठलंही लक्षण नसलं, तरी मार लागल्यापासून 8 तासांत सीटी स्कॅनचा विचार करायचा असतो. फक्त अ‍ॅस्पिरिन घेणारे त्यातून वगळलेत.

येताना गोळ्यांची स्ट्रिप घेऊन या. 'ती पांढरी, छोटी' हे वर्णन आम्हाला रोज ऐकायला मिळतं! वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते दाखवणारी तपासणी) बघून व्हिटॅमिन के देतात. त्याला काही तास लागतात, म्हणून रक्तस्राव मोठा असेल तर गोठण्याचे घटक थेट शिरेतून देतात. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा स्वतंत्र उतारा आहे, पण तो अ‍ॅपिक्सॅबानला चालत नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हेही सांगा.

पहिला स्कॅन स्वच्छ आला, तर नंतर मोठा रक्तस्राव होणारे थोडेच. मात्र पुढचे काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं. आजोबांना शर्टाचं बटण लावायला वेळ लागतोय, एक चप्पल सारखी पायातून निसटतेय, दुपारभर झोपतायत. आणि घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' ते वय नसून साठलेलं जुनं रक्त असू शकतं. कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढलं, की यातले बरेच जण पुन्हा चालू-फिरू लागतात.

उलट, घाबरून गोळी परस्पर बंद करणारेही भेटतात. धातूची झडप असलेल्याने असं केलं तर झडपेवर गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. रक्तस्राव झाल्यावर गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात; प्रत्येक रुग्णाचा हिशेब वेगळा असतो.